चादरींचं शहर: नावाला जागायचं तर

सोलापूर म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुणाच्याही तोंडी पुढचा शब्द येतो तो चादर. शहरात मात्र अलीकडे वेगळा सूर ऐकू येतो. चादरीचे माग आता उरलेत किती? इथे टॉवेल विणले जातात, शाळांचे गणवेश शिवले जातात, मग जुनं टोपणनाव कशाला कवटाळून बसायचं? 2016 च्या जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा नंबर लागला आणि सरकारी फलकांवर ते बिरुद चढलं. ‘टॉवेल नगरी’, ‘गणवेशांचं शहर’ अशी नावंही सुचवली जातात.

‘चादरींचं शहर’ हे नाव सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. पण आज ते ज्या पद्धतीनं मिरवलं जातं, तसं मिरवूही नये. या नावात एक दावा आहे: अमुक वस्तू इथे बनते आणि ती अमुक दर्जाची असते. असा दावा पुराव्यानिशी उभा करता आला पाहिजे. तो कसा उभा करायचा, हे कळण्यासाठी नाव आलं कुठून हे आधी बघावं लागेल.

सोलापूरला टोपणनावं तीन. गिरणगाव, हुतात्म्यांची नगरी आणि चादरींचं शहर. सिद्धेश्वरांची नगरी ही ओळख याहून कितीतरी जुनी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तेव्हा हे गाव सोन्नलगी होतं, आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आजही त्याच परंपरेनं भरते. त्या नावावर कुणाचं दुमत नाही. उरलेली तीन मात्र आपण तीन वेगळ्या कप्प्यांत टाकली आहेत. गिरणगाव इतिहासाच्या कप्प्यात, हुतात्मे भाषणांच्या आणि चादर दुकानदारांच्या. खरं पाहता तिन्ही एकाच मुळातून फुटली आहेत. देणारे तेवढे वेगळे. पोटासाठी इथे आलेल्या मजुरानं गिरणगाव म्हटलं, लढलेल्या नागरिकानं हुतात्म्यांची नगरी म्हटलं आणि बाहेरच्या गिऱ्हाइकानं चादरींचं शहर म्हटलं.

मूळ शोधायचं तर जुन्या मिलपाशी जावं लागतं. रेल्वे सोलापूरला पोचली 1860 मध्ये. पाठोपाठ अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि या भागातल्या कापसाच्या बाजाराला तेजी आली. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी 1874 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि 1877 मध्ये गिरणी सुरू झाली. ते वर्ष विसरू नये. 1876-77 चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यानं फार वाईट भोगला होता. शेतावरून उठलेली माणसं शहरात येत होती आणि गिरणीला हात हवे होते. रेल्वे, कापूस आणि दुष्काळानं स्वस्त झालेली मजुरी अशा तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. पुढे एकोणिसावं शतक संपता संपता लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी या मिल आल्या, विसाव्याच्या पहिल्या दशकात विष्णू आणि जाम आल्या. पहिली गिरणी मग लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’ झाली आणि कायम तीच राहिली. मुंबईत गिरणगाव म्हणजे लालबाग-परळ, शहराचा एक भाग. सोलापुरात सगळं गाव भोंग्यावर उठत होतं.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वाट थोडी निराळी. ही माणसं हातमाग घेऊनच आली. पूर्व भागातल्या पेठांमध्ये घरात माग मांडायचा, पुरुषानं धोटा मारायचा, बाईनं कांड्या भरायच्या, पोरांनी सूत उकलायचं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि उर्दू. गिरणीनं शहराला सूत, रंगारी आणि यंत्राची जाण दिली आणि हातमागानं नक्षीची नजर दिली. चादर तयार झाली ती या दोन्हींच्या मिलाफातून. केवळ गिरण्यांच्या जोरावर ती झाली नसती. भारतात गिरण्यांची गावं पुष्कळ होती, पण अशी चादर त्यांतल्या बाकी कुणाच्या नावावर नाही.

हुतात्म्यांचं नाव याच गिरण्यांच्या आवारातून निघालेलं आहे. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ पडला. गिरणी कामगार हजारोंनी रस्त्यावर आले. 8 मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौक्या पेटल्या, सरकारी अंमल उठला. 9, 10 आणि 11 मे असे तीन दिवस शहराचा कारभार लोकांच्याच हाती राहिला. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो 30 जूनपर्यंत चालला. त्या काळात तिरंगा हाती धरणं हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चौघे चार समाजांतले होते. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत आणि वृत्तपत्रही चालवत. हुतात्मा दिन दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर येतो, त्यामुळे शहर त्या आठवड्यात दोन्ही आठवणी एकदम जागवतं. पण पुतळ्यांपुढच्या भाषणांत गिरणीचा उल्लेख फार क्वचित ऐकू येतो. रस्त्यावर उतरलेली माणसं पाळीवरून आलेली होती, हे सांगितल्याशिवाय 1930 चं सोलापूर समजत नाही.

जुन्या मिलनं देशाच्या राज्यघटनेवरही ठसा उमटवला आहे, आणि हे खुद्द सोलापुरातही फार थोड्यांना ठाऊक असतं. 1949 च्या ऑगस्टमध्ये चालकांनी ही गिरणी बंद केली. हजारो कामगार उघड्यावर आले. केंद्र सरकारनं 1950 च्या जानेवारीत वटहुकूम काढून कारभार आपल्या हाती घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चरणजितलाल चौधरी यांचा अर्ज डिसेंबर 1950 मध्ये फेटाळला गेला, पण द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात डिसेंबर 1953 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की, मोबदला न देता अशी मालमत्ता ताब्यात घेणारा हा कायदा टिकणार नाही. 1955 मध्ये घटनेची चौथी दुरुस्ती झाली, तिच्यामागच्या कारणांपैकी हा निकाल एक. कायद्याचे विद्यार्थी आजही ‘सोलापूर मिल खटला’ अभ्यासतात. गिरणी मात्र 1960 च्या दशकात कायमची थांबली.

त्यानंतर काम गेलं पेठांमधल्या छोट्या शेडमध्ये. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, गिरणीत शिकलेले जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर, तिथे दुरुस्तीला लागले आणि यंत्रमागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षीसाठी हवे ते धागे उचलणारं यंत्र, चढलं. गिऱ्हाइकाच्या तोंडी सोलापूरचं नाव बसलं ते या चादरीमुळे. मुंबई-मद्रास लोहमार्गावरचं हे मोठं ठाणं, त्यामुळे माल चारही दिशांना गेला. लग्नाच्या आहेरात, वसतिगृहाच्या ट्रंकेत, बाळंतिणीच्या खोलीत सोलापुरी चादर पोचली. वापरणाऱ्याला कारखान्याचं नाव ठाऊक नसलं तरी गावाचं ठाऊक होतं. टोपणनाव असंच जन्माला येतं, ठराव करून ते मिळत नाही.

आता ती चादर जवळून बघू, कारण नावाचं सगळं वजन तिच्या विणीवर आहे. अस्सल सोलापुरी चादर उलटून पाहिली तर मागच्या बाजूलाही तीच नक्षी दिसते, रंग तेवढे अदलाबदल झालेले. पुढे मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर मरून रंगाचा मोर. कापडाचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेला ते एकमेकांत गुंतवले जातात म्हणून हे घडतं. दोन रंगांचा ताणा (उभे धागे), दोन रंगांचा बाणा (आडवे धागे). नक्षीच्या जागी पांढरा थर वर येतो, मरून खाली जातो, कड संपली की उलट. दोन थरांमध्ये हवेची पोकळी राहते, म्हणून शुद्ध सुती असूनही ही चादर ऊब देते. दोन-चार धुण्यांनंतर कांजी निघून जाते, सूत फुगतं आणि ती अधिक मऊ होते.

कुठला धागा कधी वर उचलायचा हे ठरवतात जॅकार्डचे पत्ते. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पत्ता. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि धागा खाली राहतो. नक्षीकार चौकटीच्या कागदावर मोर काढतो, पंचिंग करणारा ओळीमागून ओळ वाचत पत्त्यांना भोकं पाडतो आणि मग ते सगळे पत्ते दोरीनं क्रमवार गुंफून माळ करतात. मोर चादरीत चार वेळा आला तर तीच माळ चार वेळा फिरते. पण एखाद्या संस्थेचं नाव मधोमध एकदाच विणायचं असेल तर पत्ते कैकपटीनं वाढतात आणि खर्चही. विणलेली अक्षरं मागच्या बाजूला उलटी दिसतात, हीसुद्धा अस्सलपणाची एक खूण.

चूक होते ती इथेच. पत्त्यांची दोरी सैल झाली की पत्ता तिरका बसतो, सुया चुकीच्या भोकांत जातात आणि नक्षीत आडवी रेघ उमटते. पत्ता जुना होऊन भोक फाटलं तर एकच धागा दर फेरीला चुकीच्या जागी उचलला जातो, मग प्रत्येक मोराच्या मानेला तोच डाग. ताण्याचा धागा तुटला आणि माग वेळेत थांबवला नाही तर उभी फट चादरीच्या टोकापर्यंत जाते. दोन थर गुंतवणारा धागा चुकला तर कापड त्या जागी फुग्यासारखं सुटतं आणि धुतल्यावर चुरगळतं. पक्क्या रंगात काटकसर केली तर पहिल्याच धुण्यात मरून रंग पांढऱ्यात उतरतो. यातला कुठलाही दोष इस्त्री करून, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत भरला की दुकानात दिसत नाही. घरी दिसतो. शिव्या बसतात त्या सोलापूरला.

वेळेचा हिशेब मांडून बघा. चादर 90 इंच लांब आणि इंचाला 40 आडवे धागे धरले तर धोटा 3,600 वेळा फेकावा लागतो. माग मिनिटाला 100 फेका मारतो असं धरलं तर एकदाही न थांबता 36 मिनिटं लागतात. प्रत्यक्षात कांडी संपते, धागा तुटतो, वीज जाते. त्यातून चादर हे जड कापड. शर्टाच्या कापडात सुताच्या किमतीचा वाटा मर्यादित असतो, चादरीत तोच सर्वांत मोठा. सुताचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला की पातळ कापडवाला ते सोसून नेतो, चादरवाल्याचा सगळा नफा त्यात जातो. आणि भाव वाढवायचा तर समोर पॉलिस्टरची मिंक ब्लँकेटं उभी असतात. वजनाला हलकी, रंगाला भडक, धुवून चटकन वाळणारी आणि स्वस्त. ओली सोलापुरी चादर पिळायला दोन माणसं लागतात आणि फ्लॅटच्या बाल्कनीत ती लवकर वाळत नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवतं त्याची ही साधी कारणं आहेत, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

यंत्रमागधारक टॉवेलकडे वळला तो याचमुळे, आणि त्याला त्याचा दोष देता येणार नाही. सूत जाडंभरडं चालतं, कारागीर तोच. यंत्रात बदल करावा लागतो तो ताण्याचा. टेरी टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात, एक ताठ तळाचा आणि दुसरा सैल. आडवे धागे ठोकून बसवणारी फणी पहिले दोन धागे थोडं अंतर राखून मारते आणि तिसऱ्याला पूर्ण पुढे येते. तेव्हा तिन्ही धागे ताठ ताण्यावरून एकदम सरकतात आणि सैल ताण्याची घडी उभी राहते, तेच टॉवेलचं लूप. सैल बीमचा ताण कमीजास्त झाला की कुठे लूप उंच, कुठे बसके, आणि माल परत येतो. टॉवेलला हॉटेलं आहेत, इस्पितळं आहेत, निर्यात आहे. ऑर्डर बारमाही मिळते, चादरीसारखी थंडीवर अवलंबून नसते.

मग ‘टॉवेल नगरी’ का नको? टॉवेल सोलापूरचं पोट भरत असला तरी तो सोलापूरचं नाव घेऊन बाहेर जात नाही, हे माझं उत्तर आहे. निर्यातीच्या टॉवेलवर परदेशी दुकानाचं लेबल असतं, हॉटेलच्या टॉवेलवर हॉटेलचं, गणवेशाच्या खिशावर शाळेचं. वापरणाऱ्याला गाव कळतच नाही. चादरीचं गिऱ्हाईक मात्र दुकानात गावाचं नाव घेऊन मागणी करतं. पिढ्यांनी कमावलेली ही पत आहे. ती पैसे ओतून, जाहिरात करून पुन्हा उभी करता येणार नाही. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, अहमदाबादला पूर्वेचं मँचेस्टर म्हणत. ती उसनी नावं आहेत, दुसऱ्या शहराच्या मापानं मोजलेली. सोलापूरला कुणाचं माप घ्यावं लागलं नाही. स्मार्ट सिटी तर शंभर शहरं आहेत.

पण ही पत दुसरेच वापरून संपवत आहेत. राज्याराज्यांतल्या बाजारांत ‘सोलापुरी चादर’ म्हणून जो माल विकला जातो, त्यातला पुष्कळसा सोलापूरचा नसतो. पानिपतसारख्या ठिकाणी जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून काढलेल्या सुताची स्वस्त चादर बनते, तिच्यावर सोलापूरचं नाव छापलं जातं आणि निम्म्या भावात ती खपते. सोलापुरातल्याही काही दुकानांत असा माल आढळतो, हे अधिक लाजिरवाणं. ‘सोलापूर चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्ही नावांना 2005-06 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकनाचा कायदा 1999 चा, अमलात आला 15 सप्टेंबर 2003 रोजी, म्हणजे सोलापूर देशातल्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत. पैठणीच्याही आधी. एवढ्या लवकर मिळालेलं हत्यार वापरात मात्र फार कमी आलं, आणि तसं होण्याची कारणं कायद्याच्या रचनेत आणि आपल्या आळसात अशी दोन्हीकडे आहेत.

मानांकनाची नोंदवही चेन्नईला असते आणि तिचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात वस्तू आणि नाव धारण करणारी संस्था. ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्ते, म्हणजे प्रत्यक्ष विणणारे आणि विकणारे. पहिल्या भागात नाव लागलं की पेपरात बातमी येते, सत्कार होतात आणि काम तिथेच थांबतं. प्रत्येक यंत्रमागधारकानं ‘ब’ भागात स्वतंत्र अर्ज करून नोंद केली, तरच त्याला मालावर मानांकनाचं चिन्ह लावता येतं आणि बनावट मालावर दावा लावता येतो. नोंदणी दहा वर्षांची असते, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. खोटं नाव वापरणाऱ्याला कलम 39 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. पण विनावॉरंट झडती आणि जप्ती करायची तर पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याला आधी निबंधकाचं मत घ्यावं लागतं. आठवडी बाजारात टेम्पोवर चादरी विकणारा ते मत येईपर्यंत तीन गावं पुढे गेलेला असतो. म्हणून सुट्या विक्रेत्यांमागे धावण्यात शक्ती घालवू नये. घाऊक व्यापारी, गोदामं आणि ऑनलाइन दुकानं यांच्यावर रोख ठेवावा. तिथे माल एका जागी असतो आणि ‘सोलापुरी’ हा शब्द लेखी सापडतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मानांकनानं विणीची पद्धत किंवा मोराची नक्षी राखून ठेवली जात नाही. जॅकार्डवर दुहेरी कापड कुणीही, कुठेही विणावं. त्याला सोलापूरचं नाव देता येणार नाही, एवढंच कायदा म्हणतो. नवी नक्षी राखायची तर डिझाइन कायद्याखाली तिची वेगळी नोंद करावी लागते. ती दहा वर्षं चालते आणि पाच वर्षं वाढवता येते. बाजारात नक्षी आणण्याआधी अर्ज झाला पाहिजे, नंतर केलेल्या अर्जाला अर्थ उरत नाही. बहुतेक कारखानदार आधी माल बाजारात उतरवतात आणि नक्कल दिसल्यावर धावाधाव करतात.

गिऱ्हाइकालाही थोडी तसदी घ्यावी लागेल. चादर उलटून पाहावी. मागची बाजू फिकी, धूसर किंवा छापील वाटली तर ती बाजूला ठेवावी. कडेचा एक धागा सोडवून पीळ उलटा फिरवून उकलावा. आत निरनिराळ्या रंगांचे आखूड तंतू दिसले तर ते चिंध्यांचं सूत. त्या धाग्याचं टोक पेटवावं. कापूस कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर घासावा. रंग रुमालावर आला तर तो पुढे पांढऱ्या नक्षीतही उतरणार. आणि हातात घेऊन वजन बघावं. दोन थरांची चादर हलकी असूच शकत नाही.

महापालिकेनं आणि जिल्हा प्रशासनानं करण्यासारखी एक गोष्ट अगदी हाताशी आहे, ती म्हणजे सरकारी खरेदी. आश्रमशाळा, वसतिगृहं, इस्पितळं, तुरुंग यांना चादरी लागतातच. निविदेत नुसतं ‘सुती चादर’ असं लिहिलं की सर्वांत कमी दर जिंकतो, आणि चिंध्यांच्या सुतापेक्षा कमी दर कुणाचाच नसतो. निविदेत मोजमाप, वजन, इंचाला उभे-आडवे धागे, रंगाच्या पक्केपणाची चाचणी आणि नोंदणीकृत मानांकन चिन्ह या अटी लिहिल्या तर तोच पैसा पूर्व भागातल्या मागांकडे येईल. शहरात येणाऱ्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात. ती शाल बहुधा बाहेरून आलेली कृत्रिम धाग्याची असते. पालिकेनं निदान आपल्या समारंभांत नोंदणीकृत चादरच द्यावी. दुकानांसाठीही एक सोपी योजना करता येईल. ज्या दुकानात फक्त अधिकृत वापरकर्त्यांचा माल आहे, त्याला पालिकेनं तसा फलक द्यावा, अधूनमधून न सांगता तपासणी करावी आणि खोटा माल सापडला तर फलक काढून घ्यावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

काही जण म्हणतील, हे सारं कारखानदारांच्या फायद्याचं, कामगाराला काय मिळणार? हा आक्षेप रास्त आहे. पूर्व भागातली घरं केवळ मागावर कधीच चालली नाहीत. तिथे हजारो बायका बिड्या वळतात. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, हजारावर मजुरी मोजून घ्यायची आणि नापास झालेल्यांचं नुकसान सोसायचं. नवऱ्याचा माग बंद पडला की घर या बिडीवर तरतं. कुंभारीजवळच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत मंजूर झाली आणि 2024 च्या जानेवारीत पहिली पंधरा हजार घरं दिली गेली. त्यामागे याच बायकांचा आणि त्यांच्या संघटनेचा वर्षानुवर्षांचा लढा होता. म्हणून मानांकनाच्या चिन्हाला मजुरीची अट जोडावी, असं मला वाटतं. नोंदणीकृत चादरीला जो जास्तीचा भाव मिळेल, त्यातला ठरलेला हिस्सा नगावरच्या मजुरीत उतरला पाहिजे, आणि तो करार यंत्रमागधारक संघ आणि कामगार संघटना यांनी लेखी करावा. 1930 मध्ये लढलेल्या कामगाराच्या नावानं जे शहर मान मिळवतं, त्यानं त्याच्या नातवाच्या मजुरीकडे डोळेझाक केली तर दोन्ही टोपणनावं पोकळ ठरतील.

सगळ्यांत निकडीचं काम प्रशिक्षणाचं आहे. टॉवेलच्या मागावर माणूस काही आठवड्यांत तयार होतो. जॅकार्डचं तसं नाही. नक्षी कागदावर उतरवणं, पंचिंग, हार्नेसच्या, म्हणजे हुकांना ताण्याच्या धाग्यांशी जोडणाऱ्या, दोऱ्या बांधणं, पत्त्यांची माळ गुंफणं आणि चूक कुठल्या सुईपाशी आहे हे विणीकडे बघून ओळखणं, या कामांना काही वर्षं लागतात. ही कामं येणारी माणसं बहुतेक वयस्क आहेत आणि त्यांची मुलं पुण्याला नोकरीत आहेत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर पत्ते लागत नाहीत, नक्षी संगणकावरून थेट मागावर जाते. ते यायलाच हवं, त्यात वेळ आणि चुका दोन्ही वाचतात. पण हार्नेस तिथेही हातानंच बांधावं लागतं आणि दुहेरी विणीचं गणित तिथेही डोक्यातच लागतं. आयटीआयमध्ये एका वर्षाचा जॅकार्ड जोडणीचा अभ्यासक्रम, शिकवायला हेच जुने जॉबर मानधनावर, आणि सरावासाठी एक साधं व एक इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते. पहिली तुकडी वीस मुला-मुलींची असली तरी चालेल. मुली असायलाच हव्यात. मागावर आजवर त्यांना कांड्या भरण्यापलीकडे फारसं कुणी जाऊ दिलेलं नाही, आणि पंचिंग, नक्षी किंवा संगणकावरचं काम यांत त्यांना अडवण्याचं एकही कारण उरलेलं नाही.